मिठाचा खांब दिसला नाही: एजेरियाची वाळवंटयात्रा

इ.स. ३८४ चा आरंभ. मृत समुद्राच्या पूर्वेस, आजच्या जॉर्डनमधील नबो पर्वताच्या माथ्यावर यात्रेकरूंचा एक लहानसा जथा उभा आहे. मरणापूर्वी मोशेने वचनदत्त भूमी जेथून पाहिली ते ठिकाण हेच, असे सोबतचे मार्गदर्शक सांगतात. मग खालच्या खोऱ्याकडे बोट करून ते आणखी एक जागा दाखवतात. सदोम नगर जळत असताना मागे वळून पाहणारी लोटाची बायको जेथे मिठाचा खांब झाली, ती ही जागा. जथ्यातील एक स्त्री निरखून पाहते. खांब कुठेच दिसत नाही.

पुढे आपल्या दूरदेशीच्या भगिनींना लिहिताना तिने हे लपवले नाही. जागा दाखवली जाते, खांब मात्र दिसत नाही आणि याबाबतीत आपल्याकडून तुमची फसवणूक होणार नाही, अशा आशयाचे तिने लिहिले. जवळच्या सोअर गावच्या बिशपाकडूनही तिने खुलासा मिळवला: गेली काही वर्षे खांब दिसेनासा झाला आहे, त्या जागेवर आता समुद्राचे पाणी आहे.

त्या स्त्रीचे नाव एजेरिया. आजचा धागा तिच्याविषयी आणि तिच्यासारख्यांनी मिळून वाळवंटात 'पवित्र भूगोल' कसा रचला त्याविषयी आहे.

प्रथम हे सारे आपल्याला कळले कसे ते पाहू, कारण ती कथाही यात्रेइतकीच रंजक आहे. १८८४ मध्ये इटलीतील अरेत्सो येथील एका ग्रंथालयात जियान फ्रान्चेस्को गामुर्रिनी या अभ्यासकाला एक हस्तलिखित सापडले. अकराव्या शतकात मॉन्ते कासिनोच्या मठात तयार झालेली ही नक्कल. तिची सुरुवातीची पाने गहाळ, शेवटची गहाळ, मधलीही काही गहाळ. लेखिकेचे नाव कुठेच नाही. गामुर्रिनीने ती सिल्व्हिया नावाची कुणी उच्चकुलीन स्त्री असावी असा तर्क केला. १९०३ मध्ये मारियुस फेरोतॅं याने वेगळा धागा पकडला. सातव्या शतकात, आजच्या स्पेनच्या वायव्य भागात वालेरियुस नावाच्या मठवासीने आपल्या बंधूंना एक पत्र लिहिले होते. पश्चिम समुद्राच्या टोकापासून निघून पूर्वेचे डोंगर चढणाऱ्या एका स्त्रीची त्यात मुक्तकंठाने स्तुती आहे आणि तिचा प्रवासमार्ग या हस्तलिखिताशी तंतोतंत जुळतो. नाव मात्र वेगवेगळ्या प्रतींत वेगवेगळे: एजेरिया, एथेरिया, एकेरिया. आज बहुतेक अभ्यासक पहिले रूप वापरतात.

तिचा काळ कसा ठरला? इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा तर्क एकदा तरी सावकाश तपासून पाहावा. मेसोपोटेमियातील हारान येथे पोहोचल्यावर तिने अब्राहामाच्या मूळ गावाची, ऊरची, चौकशी केली. तो प्रदेश आता पर्शियनांच्या ताब्यात असून रोमनांना तेथे प्रवेश नाही, असे तिला सांगण्यात आले. तिकडच्या वाटेवरील निसिबिस हे शहर रोमने ३६३ च्या तहात गमावले होते. म्हणजे यात्रा त्यानंतरची. तिला भेटलेल्या तीन बिशपांना ती 'छळ सोसूनही श्रद्धा न सोडणारे' या अर्थाची पदवी लावते. असे तिघे एकाच वेळी त्या तीन शहरांत पदावर असण्याचा काळ अगदी मर्यादित आहे. शिवाय हारानला ती एका स्थानिक हुतात्म्याच्या उत्सवाच्या आदल्या दिवशी योगायोगाने पोहोचली आणि त्या उत्सवाची तारीख, २३ एप्रिल, तिने लिहून ठेवली. या आणि अशा खुणा ईस्टरच्या बदलत्या तारखांशी ताडून पॉल देव्हॉ याने १९६७ मध्ये तिचा पूर्वेतील मुक्काम ३८१ ते ३८४ असा निश्चित केला. आज हाच काळ सामान्यतः स्वीकारला जातो.

ती जोगीण होती की श्रीमंत घरची धार्मिक स्त्री, यावर वाद आहे. एवढे खरे की ती साधी यात्रेकरू नव्हती. तीन वर्षे परदेशी राहण्याइतके द्रव्य तिच्यापाशी होते, बिशप तिला सामोरे येत आणि धोक्याच्या टापूत रोमन सैनिक तिच्या जथ्यासोबत चालत. तिची लॅटिन मात्र पंडिती नाही. बोलीच्या वळणाची, पुनरुक्तीने भरलेली ही भाषा पुढे स्पॅनिश, इटालियन होऊ पाहणाऱ्या लॅटिनचा नमुना म्हणून भाषाशास्त्रज्ञांना अतिशय प्रिय आहे.

आता सीनायकडे वळू.

हस्तलिखिताचे पहिले उपलब्ध पान उघडते तेच सीनायच्या वाटेवर. एका वाक्याचा उत्तरार्ध तेवढा शिल्लक आहे आणि त्याचा आशय असा की शास्त्रात सांगितल्याप्रमाणे स्थळे दाखवली जात होती. तिच्या साऱ्या लेखनाची किल्ली या तुटक्या वाक्यात योगायोगाने उरली आहे. डोंगर एके ठिकाणी उघडतात आणि समोर विस्तीर्ण, सपाट खोरे पसरते. तिच्या अंदाजाने त्याची लांबी सोळा रोमन मैल, रुंदी चार. त्यापलीकडे देवाचा पर्वत. पर्वत प्रथम जेथून दिसतो तेथे थांबून प्रार्थना करण्याचा रिवाज आहे, असे मार्गदर्शक सांगतात आणि सारा जथा थांबतो.

शनिवारी संध्याकाळी ते पायथ्याच्या मठवासींकडे उतरले. रविवारी पहाटे चढाई सुरू झाली. वाट वळसे घेत जात नाही, भिंतीवर चढावे तशी सरळ वर जाते, अशी तिची तक्रारवजा नोंद आहे. खोगिरावर बसून चढणे अशक्य असल्याने ती पायी निघाली. सकाळी दहाच्या सुमारास माथा आला. तेथे एक लहान चर्च, जवळ मोशेची म्हणून दाखवली जाणारी गुहा, बाकी काही नाही. माथ्यावर कुणी राहत नाही. मोशेच्या ग्रंथातील त्या जागेचा उतारा तेथे वाचला गेला, उपासना झाली आणि निघताना मठवासींनी यात्रेकरूंना डोंगरावर पिकलेली फळे दिली. डोंगर सारा खडकाळ. पण पायथ्याशी जेथे चिमूटभर माती सापडते तेथे हे मठवासी झाडे लावतात, बागा करतात, हे ती कौतुकाने टिपते.

माथ्यावरून काय दिसले? मिसर, पॅलेस्टाइन, तांबडा समुद्र, अलेक्झांड्रियापर्यंत जाणारा भूमध्य समुद्र आणि सारासेनांचा अंत नसलेला प्रदेश. येथे थोडे थबकावे लागते. आज जबल मूसा म्हणून ओळखला जाणारा हा डोंगर २,२८५ मीटर उंच आहे. इतक्या उंचीवरून समुद्रसपाटीचे क्षितिज पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास येते आणि भूमध्य समुद्र अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. तो तिला दिसणे शक्य नव्हते. हा पर्वत भोवतालच्या सर्वांहून उंच आहे असेही ती लिहिते. प्रत्यक्षात शेजारचे जबल कतरीन त्याहून उंच आहे.

मग ती खोटे लिहिते का? मिठाचा खांब दिसला नाही हे प्रांजळपणे सांगणारी बाई येथे समुद्र पाहिल्याचे का सांगते? माझा समज असा: दिशा दाखवणाऱ्या बोटावर तिचा विश्वास होता. 'तिकडे समुद्र आहे' असे मठवासीने म्हटले, धुक्याची एक निळसर रेघ दिसली आणि ती समुद्र झाली. खांब ही मात्र एक ठरावीक वस्तू होती. ती असते किंवा नसते. जेथे होय की नाही असा प्रश्न उभा राहिला, तेथे एजेरिया डगमगली नाही. तिच्या श्रद्धेला भोळेपणा ठरवून तिची साक्ष बाजूला सारणारे जुने अभ्यासक मला म्हणूनच पटत नाहीत. ती स्वतःला चौकस म्हणवते आणि तिचे लेखन त्याला पुरावा आहे.

उतरताना एलीयाची गुहा झाली. दुपार टळल्यावर जळत्या झुडपाची जागा आली: बाग, उत्तम पाणी, चर्च आणि अजून पालवणारे ते झुडूप. रात्र तेथेच काढून दुसऱ्या दिवशी जथा खोऱ्यातून परत निघाला. आता दर काही पावलांवर एक स्थळ. येथे इस्राएल लोकांची छावणी, येथे सोन्याचे वासरू, येथे मोशेने रागाने पाट्या फोडल्या, येथे मान्ना पडला. प्रत्येक ठिकाणी क्रम तोच: प्रार्थना, ग्रंथातील त्या प्रसंगाचे वाचन, एक स्तोत्र, पुन्हा प्रार्थना. महानुभावांच्या 'स्थानपोथी'शी परिचय असलेल्या वाचकांना ही रीत परकी वाटणार नाही. लीळा, ती घडली ते स्थान आणि तेथे जाऊन केलेले स्मरण. पोथी हाती असल्यावाचून ती भूमी मुकी आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. इन्स्टाग्रामवर 'खरा सीनाय कोणता?' असे चलच्चित्र दर महिन्याला फिरत असते. कुणी अरबस्तानातील डोंगर दाखवतो, कुणी उत्तर सीनायमधील. बायबलच्या मजकुरावरून पर्वताची जागा निश्चित करता येत नाही, हे खरे. निर्गमाच्या कथेला पुरातत्त्वाचा थेट आधार मिळालेला नाही, हेही खरे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवायला हवा: लोक या डोंगराला केव्हापासून सीनाय मानतात आणि तसे मानणारे कोण होते?

उत्तर चकित करणारे आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली ३१३ मध्ये. त्याची आई हेलेना पॅलेस्टाइनला गेली ३२६ च्या सुमारास. बोर्दोहून आलेल्या एका अनाम यात्रेकरूचे मार्गवर्णन उपलब्ध आहे ते ३३३ चे, आणि तो सीनायला गेलेलाच नाही. पाचव्या शतकातील इतिहासकार थिओडोरेट सांगतो की सीनायच्या माथ्यावर चर्च उभारले ते युलियान साबा या मेसोपोटेमियातील तपस्व्याने. हा साबा ३६७ मध्ये वारला. म्हणजे एजेरियाने ज्या चर्चमध्ये उपासना केली त्याला तेव्हा जेमतेम वीस-पंचवीस वर्षे झाली असावीत. तिला जे मोशेच्या काळापासून अखंड चालत आलेले वाटत होते, ते बऱ्याच अंशी तिच्या आईबापांच्या पिढीने आखले होते.

याला कट म्हणणे फार स्वस्त होईल. तपस्वी वाळवंटात आले ते एकांतासाठी. दक्षिण सीनायच्या ग्रॅनाइटच्या डोंगरांत पाणी साचते, ओढ्याकाठी बाग होऊ शकते, म्हणून ते तेथे टिकले. ते टिकले म्हणून यात्रेकरूंना आसरा मिळाला. यात्रेकरू पोथी घेऊन आले, 'हे कुठे घडले?' असे विचारू लागले आणि तेथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या माणसाने त्याला जमेल तितके प्रामाणिक उत्तर दिले. पुढच्या जथ्याला ते उत्तर तयार मिळाले. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने जळत्या झुडपाच्या जागी तटबंदीचा मठ बांधला. आजचा सेंट कॅथरीनचा मठ तो हाच.

परतीच्या वाटेवरील एक प्रसंग याच प्रक्रियेचा नमुना आहे. मिसरच्या पूर्व सीमेवर, गोशेन प्रांतात तिला रामसेस नगराचे भग्नावशेष दाखवले गेले. तेथे थीब्जच्या दगडाची एक प्रचंड शिळा होती, तीत दोन भव्य मूर्ती कोरलेल्या. या मोशे आणि अहरोन यांच्या, इस्राएल लोकांनी त्यांच्या सन्मानार्थ उभारलेल्या, असे तिला सांगण्यात आले. अशा जोडमूर्ती प्राचीन मिसरमध्ये कुणाच्या असत हे आपल्याला ठाऊक आहे: बहुधा कुणी फारो आणि शेजारी एखादी देवता. ज्याच्या जाचातून सुटका झाल्याची कथा, त्याचाच पुतळा दीड-दोन हजार वर्षांनी सोडवणाऱ्याच्या नावाने पुजला जातो! चित्रलिपी वाचणारे तेव्हा जवळपास उरले नव्हते. दगड मुका झाला होता आणि पोथी बोलत होती.

एजेरियाच्या लेखनात वाळवंट स्वतः मात्र फारच थोडे आहे. ऊन, तहान, वाळूची वादळे, आजारपण यांवर जवळजवळ अवाक्षर नाही. तंबू कुणी ठोकले, जनावरांना पाणी कुणी पाजले, त्यांची मजुरी किती, काही कळत नाही. अपवाद दोन आणि म्हणूनच मोलाचे.

पहिला अपवाद फारान ते क्लिस्मा या वाटेवरचा (क्लिस्मा म्हणजे आजच्या सुवेझजवळचे बंदर). तेथे रस्ता असा नाहीच, नुसती वाळू. फारानचे रहिवासी ठरावीक अंतरावर खुणा करून ठेवतात, दिवसा त्या पाहून चालतात आणि रात्री त्यांचे उंट त्या खुणांच्या रोखाने जातात. उघड्या रस्त्यावर इतर माणसे चालतात त्याहूनही अचूक ही माणसे रात्री चालतात, असे ती आश्चर्याने लिहिते. पश्चिम समुद्रापासून निघालेली एक रोमन स्त्री येथे क्षणभर पोथी बाजूला ठेवते आणि स्थानिक माणसाचे ज्ञान पाहते. त्या माणसाचे नाव ती देत नाही.

दुसरा अपवाद सैनिकांचा. क्लिस्मापासून पुढे वाळवंटी मुक्कामांवर किल्ले होते आणि एका किल्ल्यावरचे शिपाई दुसऱ्यापर्यंत जथ्याला पोहोचवत. राजरस्ता लागल्यावर ती त्यांना निरोप देते. यात्रा भक्तीची खरी. पण ती शक्य झाली रोमच्या फौजेमुळे आणि मठांच्या आतिथ्यामुळे. ऊर पाहण्याची तिची इच्छा अपुरी राहिली, कारण तेथे ही फौज नव्हती.

अशा यात्रा त्या काळी सर्वांना मान्य होत्या असेही नाही. तिचाच समकालीन, न्यिसाचा ग्रेगरी, स्वतः यरुशलेमला जाऊन आलेला बिशप. त्याने एका पत्रात या प्रथेवर कडक टीका केली आहे. जागा बदलल्याने देव जवळ येत नाही, हा त्याचा एक मुद्दा. दुसरा स्त्रियांविषयी: प्रवासात बाईला घोड्यावर चढवायला-उतरवायला पुरुषाची मदत लागते, धर्मशाळांत नाना प्रकारचे लोक असतात, मग शील कसे सांभाळायचे? पहिला मुद्दा विचार करण्याजोगा आहे. दुसऱ्याला एजेरियाने उत्तर दिलेले नाही. तिने ते पत्र वाचले असण्याचेही कारण नाही. ती भिंतीसारखा चढ पायी चढून गेली आणि आपल्या भगिनींना पत्रे लिहीत राहिली.

एदेस्साचा उल्लेख आपल्यासाठी टाळता येत नाही. आजच्या तुर्कस्तानातील उर्फा म्हणजे जुने एदेस्सा. यरुशलेमपासून पंचवीस मुक्कामांवरच्या या शहरी ती गेली ती प्रेषित थोमाच्या समाधीसाठी. हाच थोमा भारतात आला अशी परंपरा आहे. त्याच्या अस्थी एका व्यापाऱ्याने भारतातून एदेस्साला आणल्या, असे तेथील सुरियानी कवी एफ्रेम (मृत्यू ३७३) याच्या स्तोत्रांतून दिसते. एजेरिया भारताचे नाव घेत नाही. पण ज्या समाधीपुढे तिने पोथी वाचली, तिची कथा आपल्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचलेली होती.

तेथील राजवाड्याच्या तळ्यांतले मासे तिला फार आवडले. इतके मोठे, इतके चकचकीत आणि चवीला इतके उत्तम मासे आपण कधी पाहिले नाहीत, असे ती म्हणते. उर्फाच्या मध्यभागी माशांचे तळे आजही आहे. आता ते इब्राहिमाच्या, म्हणजेच अब्राहामाच्या, नावाने पवित्र मानले जाते आणि तेथील मासे कुणी खात नाही. कथा बदलली, यात्रेकरू बदलले, मासे पोहत राहिले. (चवीचा उल्लेख तिने केला नसता तर हा बदल आपल्या लक्षातही आला नसता.)

एदेस्साच्या बिशपाने तिला येशू आणि राजा अबगार यांच्यातील म्हणून समजल्या जाणाऱ्या पत्रांची नक्कल दिली. हा पत्रव्यवहार बनावट आहे यावर आजच्या अभ्यासकांचे एकमत आहे. एजेरियाला तशी शंका आली नाही. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली: तिच्या घरी याच पत्रांची प्रत होती आणि येथे मिळालेली त्याहून मोठी वाटत होती. दोन प्रतींतील फरक टिपणे ही पाठचिकित्सेची पहिली पायरी. ती अजाणता तेथे पाय ठेवून पुढे गेली.

परतीच्या वाटेवर, दक्षिण अनातोलियातील सेल्युकियाजवळ थेक्ला या संतस्त्रीच्या स्थानी तिला मार्थाना भेटली. ही तेथील जोगिणींची प्रमुख, यरुशलेमला ओळख झालेली जुनी मैत्रीण. दोघींना झालेला आनंद आपल्याला शब्दांत सांगता येणार नाही, असे ती लिहिते. इतक्या बिशपांत, मठवासींत, अधिकाऱ्यांत, उंटवाल्यांत, तिच्या काळच्या ज्या एकाच व्यक्तीचे नाव तिच्या लेखनात उरले आहे ती ही मार्थाना.

कॉन्स्टँटिनोपलला पोहोचल्यावर ती भगिनींना कळवते की आता एफेससला संत योहानाच्या स्थानी जायचा मानस आहे. मी जिवंत असो वा नसो, माझी आठवण ठेवा. त्यानंतर यरुशलेममधील उपासनेच्या रीतींचे तपशीलवार वर्णन सुरू होते, कोणत्या सणाला कोणत्या चर्चमध्ये कोणत्या दिवशी काय घडते ते. चर्चच्या वर्धापनाच्या उत्सवाचे दिवस ती एकेक करून सांगत असते आणि तेथेच, वाक्य पुरे होण्याआधी, हस्तलिखित तुटते. ती एफेससला पोहोचली का, स्वदेशी परतली का, पुढची पाने सांगत असतील. ती अजून कुणाला सापडलेली नाहीत.